गाणी, मुलाखती आणि माझी फ्रेंच



इथे बरेच जण इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या जुन्या वाड्यांबद्दल, गणेशोत्सवांबद्दल, शाळांबद्दल लिहितात. मी आवडीने वाचतो. आज माझा विषय वरवर बघता लांबचा वाटेल. पण मला तो आपलाच वाटतो, म्हणून इथेच लिहितोय.

गेली चार वर्षं मी फ्रेंच शिकतोय. क्लास लावलेला नाही. मी कॉमर्सचा पदवीधर, उभी नोकरी बँकेत गेली, भाषा-साहित्याशी संबंध वाचनापुरता. शिकायचं साधन म्हणाल तर दोनच: फ्रेंच गाणी, आणि ती गाणी गाणाऱ्या-लिहिणाऱ्यांच्या मुलाखती. सकाळी फिरून आलो, पोहे झाले, की एक तास कानाला हेडफोन आणि समोर रजिस्टर. ओळखीचे लोक विचारतात, "साहेब, पंचाहत्तरीला आल्यावर फ्रेंच कशाला?"

कारण साधं आहे. मुलगा-सून बारा वर्षांपासून मॉन्ट्रियलला आहेत. मॉन्ट्रियल कॅनडात असलं तरी ते क्वीबेक प्रांतात आहे, आणि तिथली राज्यभाषा फ्रेंच. १९७७ साली तिथे भाषेचा कायदा झाला, लोक त्याला 'कायदा १०१' म्हणतात. त्या कायद्याप्रमाणे बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या मुलांना साधारणपणे फ्रेंच शाळेतच जावं लागतं. त्यामुळे आमचा नातू, वय वर्षं नऊ, फ्रेंचमध्ये शिकतो, फ्रेंचमध्ये खेळतो, फ्रेंचमध्ये भांडतो. मराठी त्याला कळते, पण उत्तर फ्रेंचमध्ये येतं.

दर रविवारी संध्याकाळी साडेसातला आमचा फोन असतो. तेव्हा तिकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. हिने विचारायचं, "काय खाल्लंस रे?" त्याने भराभर काहीतरी सांगायचं आणि सुनेने मधे भाषांतर करायचं. भाषांतरात विनोद गळून पडतो, तक्रार गळून पडते, उरते ती बातमी. पोरगा वाढणार तशी ही दरी वाढणार, हे दिसतच होतं. त्याने आपल्याकडे यायची वाट बघत बसण्यापेक्षा अर्धी वाट आपण चालू, असं मी ठरवलं.

आता गाणीच का? इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्याला याचं नवल वाटू नये. बंदिशी ब्रजमध्ये, गझला उर्दूत, आणि घरात भावगीतं मराठीत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अर्थ विचारायची पद्धतच नव्हती. आधी कान तयार व्हायचा, अर्थ मागून यायचा. कुमारजींचं उदाहरण तर आपल्या अंगणातलं. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्म, घरची भाषा कन्नड, गाण्याचं शिक्षण मुंबईत देवधर मास्तरांकडे, आणि १९४८ साली क्षयाच्या आजारात हवा मानवेल म्हणून देवासला आले. गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या आजूबाजूच्या बायकांची मालवी गाणी कानावर पडत राहिली. पुढे त्यांनी ती गोळा केली आणि मैफलीत गायली. माणूस एखाद्या भाषेत शिरतो तो कानातूनच, हे आम्ही देवासच्या इतक्या जवळ राहून मानलं नाही तर कोण मानणार?

पहिलं गाणं घेतलं फ्रांस्वाज आर्दीचं, 'तू ले गार्सों ए ले फीय'. १९६२ चं. गायलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. चाल संथ, वाक्यं छोटी, शब्द रोजचे. महिनाभर हे एकच गाणं ऐकलं. दुसरं शार्ल अझनावूरचं 'ला बोएम', १९६५ चं. अझनावूर पॅरिसमध्ये जन्मलेला, आई-वडील आर्मेनियन. त्याचे उच्चार इतके स्वच्छ की एकेक अक्षर सुटं मोजून घ्यावं, कॅशियरने नोटा मोजाव्यात तसं. या गाण्यात एक चित्रकार आपले मोंमार्त्रमधले तरुणपणचे उपाशी दिवस आठवतो. म्हणजे गाण्यात भरपूर 'जायचो, बसायचो, भूक लागायची'. आपल्या मराठीत याला रीतिभूतकाळ म्हणतात. फ्रेंचमध्येही त्यासाठी क्रियापदाचं वेगळं रूप आहे. व्याकरणाच्या पुस्तकात त्याची चार पानं होती आणि चार पानांनी डोकं दुखलं. गाण्याने तोच काळ आठवड्यात तोंडात बसवला.

उच्चारांची लोक फार भीती घालतात. आपल्या लोकांना त्यातलं निम्मं आधीच येतं. फ्रेंचचा 'र' जिभेच्या टोकावर नसतो, घशात असतो. ज्याने बेगम अख्तर ऐकली आहे त्याने 'ग़ज़ल' शब्दातला नुक्त्याचा ग़ आठवावा, तो जरा हलका केला की जवळपास फ्रेंच र झाला. एडिथ पियाफची गाणी ऐकलीत तर हा र घशात घोळताना स्पष्ट कळतो. दुसरे ते नाकातले स्वर. पुण्याच्या माणसाला त्यासाठी कष्ट पडत असतील. आपण जन्मभर हिंदीत 'हाँ', 'मैं', 'नहीं' म्हणत आलो, आपलं नाक तयार आहे. तिसरा त्यांचा 'उ'. ओठ 'ऊ' म्हणायला करायचे आणि आतून 'ई' म्हणायचं. हा मात्र आपल्याकडे नाही. आरशासमोर उभं राहून तो बसवला. ही म्हणाली, "शिट्टी वाजवून राहिलात का?"

असं दीड-दोन वर्ष चाललं. वीस-पंचवीस गाणी पाठ झाली. मग एका उन्हाळ्यात आम्ही तीन महिने मॉन्ट्रियलला गेलो. पहिल्याच दिवशी मी नातवाशी फ्रेंचमध्ये बोललो. त्याने लक्ष देऊन ऐकलं आणि आईकडे वळून काहीतरी म्हणाला. सून हसत म्हणाली, "बाबा, तो म्हणतोय आबा बोलत नाहीत, गातात."

पोरगं नऊचंही नव्हतं तेव्हा, सात वर्षांचं होतं. पण त्याने जे पकडलं ते पुस्तकात मला सापडलं नव्हतं. फ्रेंचमध्ये शब्दांच्या शेवटी एक 'ए' लिहितात, जो बोलताना गिळतात. गाण्यात मात्र चालीसाठी तो बऱ्याचदा पूर्ण उच्चारतात. 'लहान' या विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप गाण्यात 'प-ती-त' असं तीन अक्षरी ऐकू येतं, शेवटच्या त मध्ये अ पुरा. (आपल्याकडे पतित म्हणजे काय, हे त्यांना सांगायला जाऊ नये.) बोलताना त्याचंच 'प्तीत्' होतं, एका दमात संपतं.

हे कळल्यावर मला गंमत वाटली, कारण हा प्रकार आपलाच. आपण लिहितो 'घर', बोलतो 'घर्'. 'देव' लिहितो, 'देव्' म्हणतो. पण लहानपणी आईने मनाचे श्लोक म्हणायला बसवलं की तोच शेवटचा अ पुरा उच्चारावा लागायचा, नाहीतर वृत्त मोडायचं. एखादा परदेशी माणूस फक्त मनाचे श्लोक ऐकून मराठी शिकला आणि भाजीवाल्याकडे तसल्या उच्चारात कोथिंबीर मागायला लागला, तर भाजीवाला काय म्हणेल? माझ्या नातवाने तेच म्हटलं.

आणि नुसता उच्चाराचा प्रश्न नाही. पियाफच्या १९६० मधल्या त्या प्रसिद्ध गाण्याचं नाव 'नों, ज्य न रग्रेत रिएँ'. त्यात नकार दोन तुकड्यांत आहे, क्रियापदाच्या आधी 'न' आणि नंतर 'रिएँ'. पुस्तकातही तसंच शिकवतात. रोजच्या बोलण्यात तो आधीचा 'न' जवळजवळ सगळे सोडून देतात. 'आम्ही' साठी पुस्तकात 'नू' आहे, बोलताना लोक 'ओं' म्हणतात. म्हणजे गाण्यात भाषा पैठणी नेसून, नथ घालून येते. मला बोलायचं होतं ते घरात गाऊन घालून वावरणाऱ्या भाषेशी.

तेव्हापासून मुलाखती सुरू केल्या. त्याही गाणाऱ्यांच्याच, कारण ज्याचं गाणं पाठ आहे त्याचा आवाज कानाला ओळखीचा असतो. अनोळखी आवाजात परकी भाषा आली की कान घाबरतो. शिवाय विषय ठरलेला असतो: बालपण कुठे गेलं, पहिलं गाणं कसं सुचलं, आई-वडील काय करायचे, अमुक गाण्यामागची गोष्ट काय. मला हे नोकरीतून माहीत होतं. सुरुवातीच्या काळात धार भागातल्या एका खेड्याच्या शाखेत होतो. शेतकरी मालवीत बोलायचे. मला घरची मराठी आणि शाळेची हिंदी. पण काउंटरवर येणारा माणूस काय बोलणार हे आधीच ठाऊक: पीककर्ज, हप्ता, पासबुक, अंगठा. विषय माहीत असला की शब्द आपोआप जागेवर पडतात. सहा महिन्यांत 'म्हारो-थारो' माझ्या तोंडात आलं. मुलाखतीचं तसंच आहे.

आणखी एक फायदा. गाणारे लोक तीच गोष्ट दहा ठिकाणी सांगतात. पहिल्या मुलाखतीत चार आण्याइतकं कळतं, तिसरीत आठ आणे, सातवीत मी त्यांच्या आधी हसतो. यूट्यूबवर वेग पाऊण करायची सोय आहे, खाली अक्षरंही उमटतात. रजिस्टरमध्ये मी दोन रकाने पाडले. डावीकडे शब्द गाण्यात कसा ऐकला, उजवीकडे मुलाखतीत कसा ऐकला. महिन्याअखेरीला दोन्ही बाजू कधी जुळल्या नाहीत. जन्मभर ताळेबंद जुळवणाऱ्या माणसाला न जुळणारा हा पहिलाच हिशेब आवडला.

एक मुलाखत मी वारंवार ऐकतो. ६ जानेवारी १९६९ ला पॅरिसमध्ये ज्याक ब्रेल, ज्यॉर्ज ब्रासेन्स आणि लेओ फेरे या तिघांना एका तरुण पत्रकाराने एका टेबलाभोवती बसवलं होतं. समोर मायक्रोफोन, हातात सिगरेट, ब्रासेन्सच्या हातात पाइप. त्या बैठकीचा फोटो फ्रान्समध्ये घरोघर भिंतीवर लागला. तिघे गाण्याबद्दल, कवितेबद्दल, एकटेपणाबद्दल, मरणाबद्दल बोलतात. मधे अडखळतात, 'अँ...' करून थांबतात, एकमेकांना तोडतात. हे अडखळणं शिकणाऱ्याला फार कामाचं. कारण आपण मराठीत 'म्हणजे', 'आपलं ते', 'काय आहे की' म्हणून जी जागा भरतो, ती फ्रेंचमध्ये कशाने भरायची हे कुठलंच गाणं सांगत नाही.

पण माझ्या लक्षात आलेली गोष्ट वेगळीच होती. फ्रेंच गाण्याचे हे तीन खांब, आणि तिघांतला एकही पॅरिसचा नाही. ब्रेल बेल्जियमचा, ब्रुसेल्सचा. गाण्यात येण्याआधी घरच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात कचेरीतलं काम करायचा. ब्रासेन्स दक्षिणेच्या सेत बंदराचा, त्याच्या बोलण्यात दक्षिणेचा हेल. फेरे मोनॅकोत जन्मलेला. भाषेचं मोठं काम करायला भाषेच्या राजधानीत जन्मावं लागत नाही, हे मी त्या दिवशी रजिस्टरच्या वरच्या समासात लिहून ठेवलं.

आजच्या मुलांमध्ये स्त्रोमायचं नाव मोठं आहे. हाही ब्रुसेल्सचा. आई बेल्जियन, वडील रवांडाचे, १९९४ च्या नरसंहारात मारले गेले. 'स्त्रोमाय' हे नाव 'माएस्त्रो'ची अक्षरं उलटीपालटी करून केलेलं. असं उलटं बोलण्याची फ्रेंच पोरांची एक बोलीच आहे. त्याचं २०१३ चं 'पापाऊते' हे नाव बोलताना शब्द कसे चिकटतात त्याचा नमुना आहे: 'पापा, ऊ ते', म्हणजे 'बाबा, तू कुठे आहेस', हे सगळं एका श्वासात. जानेवारी २०२२ मध्ये तो फ्रान्सच्या टीव्हीवर रात्रीच्या बातम्यांत मुलाखतीला बसला होता. बातम्या देणाऱ्या बाईंनी एकटेपणाबद्दल प्रश्न विचारला, आणि त्याने उत्तर म्हणून तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या, आपलं नवं गाणं गायला सुरुवात केली. गाणं मनात येणाऱ्या आत्महत्येच्या विचारांबद्दल होतं. बातम्यांत असं चालतं का, यावर तिकडे वाद झाला. मी ते पाच-सहा वेळा बघितलं. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं, हे पहिल्या दोन वेळा मला कळलंच नाही.

एवढं सगळं होईपर्यंत माझी फ्रेंच पॅरिस-ब्रुसेल्सकडे निघाली होती आणि नातू मॉन्ट्रियलला होता. क्वीबेकची फ्रेंच वेगळी. सेलीन दिओनचं नाव सगळ्यांना माहीत. मॉन्ट्रियलजवळच्या शार्लमान्य गावची, चौदा भावंडांतली शेवटची. तिची फ्रेंच गाणी ऐकलीत तर ती पॅरिसची की क्वीबेकची, सांगता येणार नाही. पण क्वीबेकच्या टीव्हीवरची तिची मुलाखत लावा. दुसरीच बाई बोलतेय असं वाटतं. सगळे स्वर बदलतात, वाक्यात दर दोन शब्दांनी 'ला', 'पी' येतं. माझा नातू बोलतो ते हे.

आणि इथे मला एक घबाड सापडलं. क्वीबेकचे लोक 'तू' म्हणताना शुद्ध त म्हणत नाहीत. त आणि स च्या मधला एक आवाज काढतात. द चंही तसंच, त्यात झ ची छटा येते. नातवाचा 'तू' ऐकून मी विचार करत होतो की हा आवाज मी कुठे ऐकलाय. मग लक्षात आलं, हा आपल्या चमच्यातला च! चहातला, चांगल्यातला च. आणि द म्हणजे जावयातला ज. हिंदीवाल्यांकडे हे दोन्ही नाहीत. आपल्या इंदूरच्या नव्या पिढीचे 'चहा' आणि 'चमचा' ऐका, हिंदी 'चाय'चा च लावतात. आमची ही त्यावरून पोरांना टोकत असते. आणि मॉन्ट्रियलला वाढलेला आमचा नातू 'चमचा' अगदी पणजीसारखा म्हणतो, कारण तो आवाज त्याच्या जिभेला रोजचा आहे.

मुलाच्या घराखालच्या मजल्यावर एक ऐंशी ओलांडलेले गृहस्थ राहतात. मॉन्ट्रियलला दुमजली-तिमजली घरांना बाहेरून लोखंडी जिने असतात. त्या जिन्यावर बसून ते माझ्याशी बोलायचे. त्यांचा र माझ्यासारखाच, जिभेच्या टोकावर खळखळणारा. मॉन्ट्रियलच्या जुन्या पिढीचा र असाच होता, नंतरच्या पिढ्यांचा घशात गेला. ते म्हणाले, "माझी नातवंडं या र वरून मला हसतात." मी म्हटलं, "माझा नातूही हसतो." दोन देशांचे दोन म्हातारे एका र वर जुळले.

त्यांनीच मला रोबेर शार्लब्वा ऐकायला सांगितलं. त्याआधी क्वीबेकचे गाणारेही गाताना भाषा इस्त्री करून घ्यायचे. फेलिक्स लक्लेरसारख्या मोठ्या माणसालाही १९५० साली पॅरिसने डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे घरच्यांनी खरा मान दिला. १९६८ मध्ये शार्लब्वाने लुईज फोरेस्तिएबरोबर 'लिंडबर्ग' गायलं, ते मॉन्ट्रियलच्या गल्लीतल्या भाषेत. त्याच वर्षी मिशेल त्रांब्ले यांचं 'ले बेल सर' हे नाटक त्याच बोलीत रंगमंचावर आलं. मोठा गहजब झाला. ही गावठी भाषा गाण्यात, नाटकात आणायची का? तिकडच्या शिव्या चर्चमधल्या वस्तूंच्या नावांवरून असतात, त्याही गाण्यात आल्या. सून म्हणाली, "बाबा, हे गाणं नातवासमोर नको." मी हेडफोन लावला.

मंडळी, हे ऐकताना मला सारखं आपलं आठवत होतं. होळकर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात गेलं, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, आणि आपली मराठी घराच्या उंबऱ्याआत आली. आपण म्हणतो 'मी जाऊन राहिलोय', 'काय करून राहिला'. पुण्याचे नातेवाईक आले की हसतात. "तुमची मराठी म्हणजे हिंदीचं भाषांतर," हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलं नाही? माझ्या बहिणीने पुण्याला सासरी गेल्यावर महिन्याभरात आपली मराठी कपाटात ठेवून दिली. माहेरी आली की बाहेर काढायची.

आणि आपली गाणी कोणती? गीतरामायण. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, छप्पन्न गाणी. पुढे ती आमच्या घरात सगळ्यांना पाठ. भावगीतं, नाट्यगीतं, सगळं पुण्या-मुंबईचं. त्याबद्दल तक्रार नाही. त्या गाण्यांनीच आपल्याकडे मराठी जिवंत ठेवली. पण माझी आई ज्या मराठीत बोलायची, 'जल्दी कर रे, दूध उतू जाऊन राहिलं', ती कुठल्याही ध्वनिमुद्रिकेत नाही. तिचा आवाज तर नाहीच. ती गेली तेव्हा आमच्याकडे टेपरेकॉर्डर होता, त्यावर आम्ही गाणी भरून घेत होतो.

क्वीबेकमध्ये वाढदिवसाला म्हणायचं गाणं स्वतःचं आहे. ज्यील व्हिन्यो नावाचे कवी-गायक, नाताश्कान या उत्तर किनाऱ्यावरच्या गावात १९२८ मध्ये जन्मलेले. त्यांचं 'ज्याँ द्यू पेई' हे गाणं २४ जून १९७५ ला मॉन्ट्रियलच्या डोंगरावर, तिथल्या सणाच्या दिवशी पहिल्यांदा गायलं गेलं. पुढे लोकांनी त्याच्या ध्रुवपदात वाढदिवस असलेल्याचं नाव घालून म्हणायला सुरुवात केली. आता घरोघर केक कापताना तेच म्हणतात. नातवाच्या आठव्या वाढदिवसाला मी ते फोनवर म्हटलं, नाव घालून. गाण्याला उच्चाराची भीती नाही, गाण्यात सगळे स्वर पुरे म्हणायचे असतात. तो यावेळी काही म्हणाला नाही. नंतर हिने औक्षणाचं ताट मोबाइलसमोर फिरवलं.

यावर्षी त्याला शाळेत काम मिळालं, घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाची मुलाखत घ्यायची. त्याने मला निवडलं. प्रश्न त्याने स्वतः लिहिले होते, फ्रेंचमध्ये. तू कुठे जन्मलास, रस्त्यावर कोणते आवाज यायचे, बँकेत तुझ्याकडे खरंच पैसे असायचे का, तुझी आई काय गायची. चार वर्षांचं माझं सगळं भांडवल मी त्या वीस मिनिटांत काढलं. राजवाड्यासमोरचे टांगे सांगितले, पहिला पगार सांगितला. आई काय गायची, यावर मात्र फ्रेंच पुरली नाही. मी मराठीत सांगितलं, आणि तो थांबवायला लागला नाही. ऐकत राहिला.

त्यानंतर आम्ही एक वहिवाट पाडली आहे. एका रविवारी तो फ्रेंचमध्ये विचारतो, मी फ्रेंचमध्ये उत्तर देतो. पुढच्या रविवारी मी मराठीत विचारतो, त्याने मराठीत उत्तर द्यायचं. दहा मिनिटं, जास्त नाही. सगळं मोबाइलवर रेकॉर्ड होतं. आतापर्यंत चौदा झाली आहेत, तारीख घालून ठेवली आहेत. त्याची मराठी अजून तुटक आहे. क्रियापद शेवटी ठेवायचं त्याच्या लक्षात राहत नाही, लिंगाचा गोंधळ होतो. मागच्या महिन्यात आजीने विचारलं, "अरे, काय चाललंय?" तर म्हणाला, "मी जेवून राहिलोय." ही दोन मिनिटं काही बोललीच नाही. मुलाने पलीकडून विचारलं, "आई, आवाज येतोय ना?"

ज्यांची नातवंडं अशा मुलखात आहेत, फ्रेंचच नव्हे, जर्मन असो, डच असो, त्यांना माझं सांगणं एवढंच: सुरुवात तिथल्या एका संथ, सोप्या गाण्याने करा. ते पाठ झालं की त्याच गाणाऱ्याची मुलाखत शोधा, आणि ती त्याच्या स्वतःच्या गावच्या टीव्हीवरची असेल तर उत्तम. रोज तासभर पुरतो. घाई नको.

आणि जे परदेशी कोणाला ओळखत नाहीत, त्यांनीही घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसासमोर मोबाइल ठेवावा. त्यांना गायला लावू नका, ती गाणी बाजारात मिळतात. त्यांना विचारा की शाळेत कसे जायचे, दूध कोण आणायचं, पहिली भांडणं कोणाशी झाली. आणि बोलताना मधे हिंदी आली, मालवी आली, दखनी आली, कानडी आली, गुजराती आली, तर थांबवू नका. तसंच राहू द्या.